तोलधोंड्याच्या तीन हाका

सिंधूच्या मनात पाल चुकचुकली ती जीपच्या खिडकीला बांधलेल्या फडक्यावरून.

सकाळी सातच्या सुमारास जीप दारात येऊन उभी राहिली होती. सासूबाई, म्हणजे सरजाबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर कधीच्या तयार बसल्या होत्या. सिंधूने तांब्याभर पाण्यात फडकं बुडवून लेकराला पुसून काढलं, टाळूवर तेलाचं बोट टेकवलं, गालाला काजळाची तीट लावली आणि त्याला पदराखाली घेऊन ती बाहेर आली. तर ड्रायव्हर मडिवाळप्पा मधल्या सीटच्या डाव्या अंगाला धोतराचं एक फडकं बांधत होता. चारी टोकं ताणून, गाठी आवळून, अगदी मन लावून.

"हे कशाला वो, मडिवाळप्पा?"

"मगूसाठी, अक्का." तो कर्नाटकाच्या शिवेवरचा. लेकराला मगू म्हणायचा. "साहेब म्हणले, लातूरपस्तोर लेकराला झळ लागाया न्हाई पाहिजे. म्हणून बांधून राहिलो."

लातूरपस्तोर. सिंधूचा पाय जीपच्या पायरीवर तसाच राहिला. जायचं होतं देगलूरच्या अंगाला, तोलधोंडा बघायला. संध्याकाळच्या आत परत यायचं होतं, ते इथं, ह्याच दारात. गाव उदगीरच्या अलीकडे कोसभर. लातूर उदगीरच्याही कितीतरी पुढं. लातूरला जाणार होते ते थोरले दीर हणमंतराव आणि जाऊ तारामती. आणि त्या खिडकीशी बसणार होती तारामती, कारण तिला गाडी लागायची. सिंधू बसणार होती उजवीकडे. तिच्या खिडकीला काहीच नव्हतं.

ती चढली आणि बसली.

तसं पाहिलं तर संशय काल रात्रीपासूनच यायला हवा होता. हणमंतराव लातूरला नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत कारकून. जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं आणि ह्या चार वर्षांत ते गावाकडे फिरकले होते ते फक्त पोळ्याला, नाहीतर मयतीला. ते असे मध्येच, भर चैत्रात, भाड्याची जीप घेऊन आले आणि म्हणाले, "चला, तोलधोंडा बघून येऊ. लांबून लांबून लोक येऊन राहिलेत बघायला." आणि सरजाबाई, ज्या चूळ भरताना दोन थेंब जास्त सांडले तर दिवसभर बोलायच्या, त्या म्हणाल्या, "हाव, जाऊ की." दुसऱ्या वर्षाचा दुष्काळ. विहिरीच्या तळाला चिखलसुद्धा उरला नव्हता. चार दिवसांआड टँकर यायचा आणि गावातल्या बायका त्याच्यामागे घागरी घेऊन पळायच्या. अशात कोण धोंडे बघायला जातं?

व्यंकटी, सिंधूचा नवरा, मागच्या फळीवर बसला होता. पाण्याच्या डब्याला पाय लावून, तो कलंडू नये म्हणून. पाझर तलावाच्या कामावर माती वाहून त्याच्या खांद्याची कातडी निघाली होती. सिंधूने मागे वळून बघितलं तेव्हा तो डब्याकडे बघत होता. डबा कुठं जात नव्हता.

जीप निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळं रान भेगाळून पडलं होतं. लेकरू सिंधूच्या मांडीवर डोळे उघडे ठेवून पडलं होतं आणि जीपच्या छताचं कापड फडफडताना बघत होतं. पाच महिन्यांचं झालं तरी त्याला नाव नव्हतं. बारसं केलंच नव्हतं. पहिलं मूल नवव्या दिवशी गेलं, दुसरं तीन महिन्यांचं होऊन, चांगलं ओळखायला लागून गेलं. दोघांचीही बारशी झाली होती. दुसऱ्याच्या वेळी तर जेवणावळ घातली होती. म्हणून ह्या तिसऱ्याला नुसतं 'लेकरू' म्हणायचं, असं घरात कुणी न बोलताच ठरलं होतं. सिंधू रात्री त्याच्या नाकापुढे बोट धरायची. ऊन ऊन श्वास बोटाला लागला की बोट काढायची, आणि घटकाभराने पुन्हा धरायची.

"रात्री किती बारी उठतंय गं?" तारामतीने विचारलं.

"दोन बारी. कधी तीन."

"आन वरचं दूध घेतंय का?"

"वरचं कशाला? माझं पुरतंय."

"तसं न्हाई. इचारलं आपलं." तारामती खिडकीकडे वळली. खिडकीला फडकं होतं, बाहेरचं काही दिसत नव्हतं, तरी ती तिकडेच बघत राहिली. लग्नाला बारा वर्षं झालेली, अंगाने बारीक, बोलायला हळू. तिने कधी सिंधूला टोचून बोललेलं सिंधूला आठवत नव्हतं. आज तीच गोष्ट सिंधूला बरी वाटेना.

"पोटावर निजतंय का पाठीवर?"

"कुशीवर."

"कोणत्या?"

सिंधूने लेकराच्या अंगावरचा पदर सारखा केला.

पुढच्या सीटवरून हणमंतराव मडिवाळप्पाला नव्या जिल्ह्याच्या गोष्टी सांगत होते. कुठं कोणती कचेरी झाली, कुठं होणार. मडिवाळप्पा हां हां करत होता. शेवटी म्हणाला, "खरं हाय, साहेब. जिल्हा झाला तवापासून लातूरच्या कावळ्याला बी साहेब म्हणावं लागतंय. न्हाई म्हणलं तर उठतच न्हाई."

सरजाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. हणमंतराव हसले नाहीत. "पण नळाला पाणी हाय," ते म्हणाले. "एक दिवसाआड येतंय, पण येतंय. दवाखाना हाय. लेकरांचा डॉक्टर हाय. हितं काय हाय?"

कुणी काही विचारलं नव्हतं. मग हे ते कुणाला सांगत होते, असं सिंधूच्या मनात आलं.

मुक्रमाबादला चहासाठी जीप थांबली. तारामतीची मळमळ थांबेना, म्हणून ती उतरून सावलीत जाऊन बसली. तिची कापडी पिशवी सीटवर होती. सिंधूने लेकराला ह्या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं तर त्याची लाथ लागून पिशवी कलंडली आणि आतून एक डबा गडगडत खाली आला. दुधाच्या भुकटीचा. कोरा, न उघडलेला. त्याच्यामागून टॉवेलात गुंडाळलेली काचेची बाटली डोकावत होती, रबरी बोंड्याची.

सिंधूने डबा आत ठेवला. बाटली टॉवेलात पुन्हा गुंडाळली. अगदी आधी होती तशीच.

सरजाबाई चहाचा पेला घेऊन जीपपाशी आल्या. "घे," म्हणाल्या. त्यांनी स्वतःहून सिंधूला चहा आणून दिला, हे आजचं आणखी एक नवल.

"आत्याबाई, आपण नुसतं बघायलाच चाललोय का तिकडं?"

सरजाबाईंनी इकडे तिकडे बघितलं. मग जीपच्या पायरीवर टेकल्या. "सांगणारच व्हते. नुसतं बघाया न्हाई. लेकराला धोंड्याखाली ठिवायचंय."

सिंधूला तो रिवाज ठाऊक होता. तिच्या माहेरी त्याची बोलणी व्हायची. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत त्या घरची बाई आपलं मूल तोलधोंड्याखाली नेऊन ठेवते आणि पाठ फिरवते. मागे बघायचं नाही. मग दुसरी कुणी बाई ते उचलते आणि तीन हाका देते: कुणाचं लेकरू हाय हे? आईने ओ द्यायची नाही. तीन हाका रिकाम्या गेल्या की ते लेकरू कुणाचंच नसतं. टाकून दिलेलं. ज्याच्यावर डोळा ठेवावा असं त्याच्यात काही उरत नाही. मग उचलणारी ते आईला देते आणि आई मूठभर कोंडा देऊन ते परक्याचं म्हणून घेते.

चार महिन्यांपूर्वी तीच व्यंकटीला म्हणाली होती, एकदा नेऊ की आपण. म्हणजे तिच्याच मनातलं होत होतं. तिला रडू यायला हवं होतं, सासूचे पाय धरायला हवे होते. पण तिने विचारलं, "आन उचलणार कोण?"

"तारा."

"उचलणारी लेकुरवाळी लागती ना?"

"घरची असल्यावर चालतंय." सरजाबाई उठल्या. "च्या पी. गार व्हतोय."

सिंधूला त्या रिवाजातली एक बारीकशी गोष्ट आठवली होती, जी माहेरच्या बायका आवाज खाली करून सांगायच्या. तीन हाका रिकाम्या गेल्यावर, लेकरू कुणाचंच नसताना, जी बाई पहिल्यांदा 'माझं' म्हणेल तिचं ते होतं. मग जन्म देणारीलाही तोंड उघडता येत नाही. धोंड्यापुढे झालेलं कुणी मोडत नाही. म्हणून तर उचलायला भरल्या घरची बाई बघतात, जिला दुसरीच्या लेकराची गरज नाही.

जीप पुन्हा निघाली तेव्हा सिंधू सारखी हिशेब करीत होती, फक्त दोन गोष्टींचा. ओ दिली तर धोंडा लेकराला राखणार नाही. ओ दिली नाही तर तारामती राखील. पण स्वतःकडे.

देगलूर जवळ आलं तशी काळी माती संपली. तांबूस वाळू लागली आणि रानात जागोजाग गोल गोल धोंडे दिसायला लागले. कुणी रचून ठेवल्यासारखे, एकावर एक, दोनावर एक. मडिवाळप्पाने जीप डांबरी रस्ता सोडून बैलगाडीच्या वाटेला घातली. टेकडीला वळसा घातला आणि समोर तो उभा होता.

दोन मजली घराएवढा धोंडा, खालच्या कातळावर नुसता टेकलेला. आणि टेकला तरी किती, तर भाकरीएवढ्या जागेवर. बाकी सगळा अधांतरी. ह्या बाजूने वाकून बघितलं की त्याच्याखालून पलीकडचं आभाळ दिसायचं. वारा त्या फटीतून येताना बारीक गुणगुणायचा. सिंधूला वाटलं, कुणी शिंकलं तरी हा येईल खाली.

हणमंतराव पुढे झाले आणि येणारा प्रत्येक माणूस करतो तेच त्यांनी केलं. खांदा लावून धोंडा ढकलून बघितला. "तसूभर हालत न्हाई," म्हणाले.

"तुमच्या आधी हत्ती लावून बघितलाय म्हणत्यात," एक बाई बोलली. धोंड्याच्या सावलीत खराटा घेऊन बसलेली, सत्तरीची, कपाळावर गोंदण असलेली. ती केवळाबाई. धोंड्याखालची जागा झाडायचं काम तिचं, तिच्या सासूचं होतं तसंच. "लेकरू ठिवायला आलाव का?"

"हाव," सरजाबाई म्हणाल्या.

"उचलणारी कोण?"

"ही. थोरली सून."

केवळाबाईने तारामतीकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "लेकरं किती हाईत, बाई?"

तारामतीच्या आधी हणमंतरावच म्हणाले, "मावशी, घरचंच माणूस हाय. तुमी खामखा फिकर करू नका."

"मी कशाची फिकर करू. मी झाडणारी." केवळाबाई सरकली. पण सरकता सरकता तिने सिंधूकडे बघितलं. म्हणजे नियम होता. तिला खोटं आठवत नव्हतं.

धोंड्याच्या पोटाखाली कातळात एक खोलगट जागा होती, पाळण्याच्या झोळीएवढी. कितीतरी लेकरं ठेवून ठेवून गुळगुळीत झालेली, तेलकट. हात लावला तर भर चैत्रात गार. सिंधू गुडघ्यावर बसली. लेकराला ठेवायला म्हणून वाकली आणि तशीच वाकून राहिली. डोक्यावर सगळा धोंडा. लेकराने तिच्या कानातली रिंग धरली होती. एकेक बोट सोडवावं लागलं.

"ठिव," सरजाबाई म्हणाल्या. "ऊन चढून राहिलंय."

तिने ठेवलं. त्याला तो गारवा आवडला असावा. त्याने पाय झाडले आणि हसल्यासारखं तोंड केलं. मूठभर कोंड्याची पुडी सिंधूच्या हातात देऊन सरजाबाईंनी तिला लिंबाच्या झाडाकडे तोंड करून उभं केलं. वीस पावलांवर. मागे बघायचं नाही.

लिंबावर नवी पालवी होती, ह्या उन्हातसुद्धा. सिंधूने एका फांदीकडे नजर लावली. मागे कुणाच्या तरी चपला वाजल्या. मग बांगड्या.

तिने मनाशी ठरवलं होतं. ओ द्यायची नाही. कारण ते जगायला हवं होतं, ही पहिली गोष्ट. तारामतीने 'माझं' म्हटलंच तर भांडू, रडू, गावात पंचांपुढे जाऊ. पण आधी जगू दे. दोन लेकरांना व्यंकटीने हातावरून नेलं होतं आणि परत येताना त्याचे हात कसे लोंबकळत होते, ते तिने दोनदा बघितलं होतं.

"कुणाचं लेकरू हाय हे?" तारामतीची हाक आली. मोठी, टेकडीला ऐकू जाईल अशी. देवळात आरतीला म्हणतात तशी, पाठ केलेली.

सिंधूने फांदीकडे बघितलं.

"कुणाचं लेकरू हाय हे?" दुसरी हाक. हीसुद्धा मोठी, पण शेवटाला जराशी खाली आलेली. सरजाबाईंचा श्वास ऐकू येत होता.

मग बराच वेळ काहीच नाही. फटीतून वाऱ्याची गुणगुण. सिंधूला वाटलं, तिसरी हाक झाली की काय आणि आपल्याला ऐकूच आली नाही.

आणि मग ती आली. पण ती हाक नव्हतीच. शब्द तेच होते, सगळे जागच्या जागी. आवाज मात्र टेकडीला घातलेला नव्हता, माणसांना नव्हता. तो खाली वळलेला होता. लेकराच्या गालाला नाक लावल्याशिवाय बाईचा आवाज तसा निघत नाही. सिंधू रोज पहाटे त्याच आवाजात बोलायची. तारामती कुणालाही विचारत नव्हती. ती त्याला सांगत होती.

सिंधू फिरली.

"माझं," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "माझं हाय. द्या इकडं."

कोंड्याची पुडी तिच्या हातातून कधी पडली, तिला कळलं नाही. ती वीस पावलं चालत गेली आणि तारामतीच्या छातीवरून तिने लेकरू काढून घेतलं. तारामतीने ओढलं नाही. पण हात मोकळे झाल्यावरही ते तिने तसेच, उचललेल्या लेकराच्या आकाराचे, धरून ठेवले.

"ओ दिली. झालं मग," केवळाबाई म्हणाली आणि तिने खराटा उचलला.

सरजाबाई कातळावर बसल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "दोन गेली," त्या म्हणाल्या. "तिसऱ्याच्या वक्ताला तरी तोंड मिटून उभी राहिली असतीस."

सिंधू म्हणाली, "राहिले असते, आत्याबाई. पण मग ते कुणाच्या मांडीवर गेलं असतं, तेवढं सांगा."

"कुणी नेऊन राहिलं व्हतं का तुझं लेकरू?" हणमंतराव पुढे आले. "बाईमाणसाच्या डोक्यात काय येईल अन् काय न्हाई."

"भावजी, जीपमध्ये दुधाचा डबा कुणासाठी हाय? लातूरपस्तोर झळ कुणाला लागू नये म्हणून फडकं बांधलंय?"

मडिवाळप्पा जीपला टेकून विडी ओढत होता. त्याने विडी विझवली आणि टायर बघायला खाली वाकला.

"नेणारच व्हते मी," तारामती म्हणाली.

"तारा," हणमंतराव म्हणाले.

"बोलू द्या. धोंड्याखाली उभं राहून खोटं कशाला बोलायचं?" ती सिंधूकडे वळली. "लातूरला कडीला पाळणा बांधून आलेय मी. मी म्हणलं व्हतं, तिला इचारा आधी. हे म्हणले, इचारलं की न्हाई म्हणंल. धोंड्यापुढं झालं की कुणी बोलत न्हाई. आत्याबाई बी हाव म्हणल्या."

"मी म्हणले," सरजाबाई कातळाकडे बघत बोलल्या. "त्या घरात लेकरू जगत न्हाई. मी आजी हाय का कोण? लातूरला का व्हईना, जगलं असतं. नातू म्हणून बघितलं असतं."

सिंधूने मग एकाच माणसाकडे बघितलं. व्यंकटी लिंबाखाली उभा होता. तिने पाडलेली कोंड्याची पुडी त्याच्या हातात होती. सांडलेला कोंडा तो मातीतून वेगळा करत होता, चिमटी चिमटीने.

"तुमाला मालूम व्हतं?"

"हाव."

"कवापासून?"

"पंधरा दिस झाले." तो थांबला. "मला वाटलं, जगंल तरी."

तिला त्याच्यावर ओरडता आलं असतं. पण त्या हातांनी दोघांना नेलं होतं. ती फक्त म्हणाली, "मला इचारायचं व्हतं."

लेकरू रडायला लागलं तशी ती सावलीत, केवळाबाईच्या शेजारी जाऊन बसली आणि त्याला पाजायला घेतलं. बाकीचे जीपपाशी गेले. तिकडून हणमंतरावांचा आवाज येत होता, मग तोही बंद झाला. केवळाबाई झाडत होती. कुणी काही टाकलेलं नव्हतं तरी झाडत होती.

"मावशे, आता पुन्हा ठिवता येतंय का?"

"न्हाई. एकदाच."

लेकरू पिता पिता एक हात वर करून हवेत काहीतरी चाचपत होतं. सिंधूने आपलं बोट दिलं.

"हितं ठिवलेली समदी जगली का, मावशे?"

केवळाबाई थांबली. खराट्याच्या काड्या कातळावर आपटून सारख्या केल्या. "जगलेली येत्यात, बाई. पेढे घेऊन येत्यात, बाया नवस फेडत्यात. बाकीची कशाला येतील सांगाया?" आणि ती पुन्हा झाडायला लागली.

परत येताना मुक्रमाबाद मागं पडलं. गावाचा फाटा दिसायला लागला तेव्हा सिंधू म्हणाली, "भावजी, मी बी येते लातूरला."

हणमंतरावांनी मान वळवली. "काय?"

"लेकरू येईल, तर माझ्या संगं. पाणी हाय म्हणता, डॉक्टर हाय म्हणता. मग जाऊ द्या त्याला. पाऊस पडस्तोर राहीन. स्वैपाक करीन, भांडी घाशीन. पाऊस पडला की आमी दोघं परत."

"एक खोली हाय आमची," हणमंतराव म्हणाले. "तिघं... चौघं कसे राहाणार?"

"लेकराला जागा केली व्हती ना?" सिंधू म्हणाली. "त्याच्या बाजूला मी."

"मग हितं पाणी कोण आणंल?" सरजाबाई.

"तुमी आणा, आत्याबाई. टँकर आला की पळायचं. हे कामावरून आले की धरतील घागर." लग्न होऊन सहा वर्षं झाली, सासूला असं ती कधी बोलली नव्हती. तिला माहीत होतं की ह्याचं उत्तर आज ना उद्या मिळेल.

जीप फाट्यावर थांबली. व्यंकटी मागून उतरला. त्याने पाण्याचा डबा खाली घेतला, हलवून बघितला, अर्धा होता. मग तो पुन्हा वर ठेवला. "रस्त्याला लागंल," म्हणाला. सरजाबाई उतरताना लेकराच्या पायाला हात लावून गेल्या. सिंधूकडे बघितलं नाही.

"यिऊ द्या तिला," तारामती खिडकीच्या फडक्याकडे बघत म्हणाली. नवऱ्याला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही.

हणमंतरावांनी मडिवाळप्पाला हात केला. जीप निघाली. उदगीर आलं, गेलं. सिंधूला नको त्या शंका येत होत्या. बाजारात पाठवतील आणि आपण परत येऊ तेव्हा दाराला कुलूप असेल. दवाखान्याच्या कागदावर आईचं नाव भलतंच पडेल. पाऊस पडेल आणि भावजी म्हणतील, अजून चार दिवस. धोंडा पाठीशी नव्हता, आता जागं राहायचं होतं तेवढं तिलाच.

उन्हाची तिरीप तिच्या खिडकीतून सरळ लेकराच्या डोळ्यावर आली. त्याने तोंड वाकडं केलं. पदर धरला तर श्वास कोंडायचा. फडकं होतं ते त्या खिडकीला.

तारामतीने बघितलं. मग म्हणाली, "आण इकडं. हितं सावली हाय."

सिंधूने लेकराकडे बघितलं, मग तिच्या मांडीकडे. मग दोन्ही हातांनी उचलून दिलं. तारामतीने त्याला कुशीवर वळवलं, डाव्या कुशीवर, आणि त्याचं डोकं कोपराच्या खळीत घेतलं. चांगलं घेतलं होतं. शिकवायची गरज नव्हती.

लेकराचा एक पाय मात्र सिंधूच्या मुठीत होता. तळपाय, पाची बोटं, टाच, सगळं मुठीत मावत होतं. तारामतीने ते बघितलं.

"धर," ती म्हणाली. "मी बी धरला असता."

सिंधूने मूठ सैल केली नाही. लातूर अजून दीड तास होतं.